आईची रहाटी राखायची आहे : समस्त गावकीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना सप्रेम नमस्कार.

शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली तेव्हा गावकीची बैठक झाली. देवळाचं छप्पर गळतंय. नवं स्लॅबचं देऊळ बांधावं आणि त्यासाठी रहाटीतली, म्हणजे ग्रामदेवी आईच्या देवराईतली, जुनी झाडं ठेकेदाराला द्यावीत, असा विचार पुढे आला होता. ठेकेदार खोडांवर खुणाही करून गेला. जाणत्यांनी सांगितलं, आधी आईला विचारा. गुरवांनी देवीला कौल लावला, तो डावा पडला, म्हणजे आईनं नकार दिला. झाडं उभी राहिली, पण छप्पर अजून गळतंच आहे. म्हणून हे आवाहन.

ज्या बेहड्यावर कुऱ्हाडीची खूण आहे, त्याच्याच ढोलीत यंदा धनेशाची मादी बसली आहे. ढोलीचं तोंड तिनं लिंपून घेतलंय, फक्त चोचीपुरती फट ठेवलीय. नर दिवसभर फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. सकाळी झऱ्यावर जाणाऱ्या बायका हल्ली तिथे हळू आवाजात बोलतात. एवढी मोठी ढोली जुन्या, जाड झाडालाच असते. उद्या शंभर रोपं लावली तरी ती आपल्या हयातीत मिळायची नाही.

आणि झरा. रहाटीत पावसाळ्यात पाय टाकला की पाचोळ्यात रुततो. तिथे मुरलेलं पाणीच वैशाखात खाली झऱ्याला येतं. शेजारच्या वाडीचा डोंगर बोडका झाला, तिथे मे महिन्यात टँकरची वाट बघतात. आपला हंडा अजून झऱ्यावर भरतो. चपला बाहेर काढायच्या, रहाटीतली काडी घरी न्यायची नाही, ही आजी-पणज्यांची शिस्त होती. तिनं हे पाणी राखलं.

हे आपल्याच गावाला सुचलंय असंही नाही. 1970 च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांची नोंद करत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची काळकाईची देवराई तोडली जाणार होती, तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचवण्यासाठी त्यांच्याकडे धाव घेतली. कारण तेच, गावाचं पाणी त्या राईतून येत होतं.

आता पैशाचं. झाड एकदाच विकता येतं, फळ दरवर्षी पडतं. बेहडा त्रिफळा चूर्णात जातो, त्याला मागणी आहे. पण आपण तो ओलाच, व्यापारी देईल त्या भावाला घालतो. पडलेली फळं वेचायला आईनं उजवा कौल दिला आहे. अट एवढीच की झाड झोडायचं नाही, काही फळं रुजायला तिथेच सोडायची आणि विक्रीतला एक वाटा आईच्या पेटीत टाकायचा. हे काम बचत गटाच्या बायका करणार आहेत. फळं वाळवायला त्यांना पक्कं खळं, वर पत्र्याची शेड आणि एक वजनकाटा लागेल. देवळाच्या दुरुस्तीपेक्षाही हे आधी व्हावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. देवळाचा पुढचा खर्च त्यातूनच निघेल.

देऊळ कौलारूच ठेवायचं ठरलं आहे. फुटकी कौलं आणि कुजलेले वासे बदलायचे आहेत. लाकूड विकत आणायचं, रहाटीतलं नाही.

ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं द्यावं. पैसे गावकीच्या बँक खात्यातच भरावेत, खाते क्रमांक वाडीप्रमुखांकडे मिळेल आणि पावती जरूर घ्यावी. सगळा हिशेब गणपतीत सहाणेवर वाचून दाखवला जाईल. ज्यांना पैसे देणं अवघड आहे त्यांनी कौलं द्यावीत, सिमेंटची गोणी द्यावी, नाहीतर दोन दिवसांचे हात द्यावेत.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की झऱ्याच्या कुंडीतला गाळ काढायचा आहे. घरटी एक माणूस हवा. फावडं, घमेलं घरून आणा. जेवण गावकीतर्फे आहे. धनेशाची पिल्लं तेव्हा ढोलीत असतील, म्हणून बेहड्याच्या बाजूनं कोणी जाऊ नये, खालच्या पाणंदीनं यावं.

आपली,
समस्त गावकी