दोन क्रमांकाच्या कक्षातले तैलचित्र

महोदय,

सरन्यायाधीशांच्या यादीत न्या. हंसराज खन्ना यांचे नाव नाही. तरी न्यायमूर्ती म्हटले की मला आधी तेच आठवतात. ऐन आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल लागला. खटल्याविना डांबलेल्या स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येणार नाही, असे चार न्यायमूर्ती म्हणाले. विरोधात एकटे खन्ना. पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर, असे त्यांनी सुनावणीत विचारले होते. सरकारच्या युक्तिवादानुसार तेव्हाही उपाय नाही, हे महान्यायवादींनी चक्क कबूल केले!

जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

चाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, खासगीपणाच्या खटल्यात तो बहुमताचा निकाल रद्द ठरला. तसे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड, १९७६ च्या त्या चौघांत त्यांचे वडील होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेले पुतणे न्या. संजीव खन्ना पहिल्या दिवशी दोन क्रमांकाच्या कक्षात बसले. तिथे भिंतीवर काकांचे तैलचित्र आहे.

– एक नियमित वाचक