तक्रार लिहायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पालिकेच्या तक्रार खिडकीवर आमच्याकडून आलेलं हे पहिलंच बिनतक्रारीचं पत्र. याला क्रमांक देऊ नका.

आमचे अर्ज तुम्ही नुसते शिक्का मारून आत सरकवले नाहीत, त्याचे हे आभार. प्रत्येक अर्ज वाचून तुमचा एकच प्रश्न असायचा: हे वाचून माणूस नेमका त्या जागी पोचेल का? 'गल्लीतले दिवे बंद आहेत' एवढ्यावर तो पोचत नाही. खांबावर रंगवलेला क्रमांक लिहिला की पोचतो. एकच दिवा बंद असेल तर बिघाड बहुधा त्या दिव्यातच असतो. ओळीनं सगळे गेले असतील तर केबल किंवा नियंत्रण पेटीतला फ्यूज बघायचा, आणि भर दिवसा जळत असतील तर टायमर किंवा प्रकाश ओळखणारा सेन्सर. जुना सोडियमचा दिवा पेटतो, काही मिनिटांनी विझतो, थंड झाला की पुन्हा पेटतो. त्याला आम्ही 'लूज कनेक्शन' म्हणायचो. खरं तर तो दिवा म्हातारा झालेला असतो. ही एक ओळ अर्जात असली तर शिडीची गाडी योग्य सामान घेऊन निघते. नाहीतर येते, बघते आणि परत जाते.

खड्ड्याचे फोटो दोन. एक जवळून, खड्ड्यात मोजपट्टी उभी धरून. दुसरा लांबून, मागे न हलणारी खूण दिसेल असा. (उभी केलेली मोटार ही खूण नव्हे, हेही तुम्हालाच सांगावं लागलं.) मेसेजमधून फिरत आलेल्या फोटोतली जागेची नोंद बहुतेकदा गळून गेलेली असते, म्हणून मूळ फोटोच जोडायचा.

पाऊस नसताना खड्डा ओला दिसला तर आधी पाणी विभाग, मग रस्ता विभाग. खाली नळ गळत असताना वरून डांबर टाकलं तर पाणी आतली माती वाहून नेतं, ठिगळ खचतं आणि गळती काढायला तोच तुकडा पुन्हा खणावा लागतो. गळती नसूनही ठिगळ टिकत नसेल तर तीन गोष्टी विचारायच्या: कडा उभ्या, चौकोनी कापल्या होत्या का, धूळ-पाणी काढून खाली डांबराचा हात दिला होता का, आणि माल रोलरनं दाबला होता का. फावड्यानं थोपटलेला माल पहिल्या पावसात निघतो.

एका अर्जात एकच विषय, हा तुमचा नियम आधी जाचक वाटला होता. पण अर्ज एकाच विभागाकडे जातो. गटार, दिवा आणि कचरा एकत्र लिहिलं की गटार साफ होताच अख्खा अर्ज 'निकाली'. वीस जणांचे वीस अर्ज पुनरावृत्ती म्हणून बंद होऊ शकतात, त्यापेक्षा एका क्रमांकाखाली वीस सह्या बऱ्या. आणि काम न होताच तक्रार बंद झाली तर नवी नोंद करायची नाही, कारण मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. जुना क्रमांक, त्याच कोनातून घेतलेला ताजा फोटो आणि तक्रार पुन्हा उघडण्याची मागणी, एवढं पुरतं.

सूचनेचं गणित वेगळं. बिघडलेलं दुरुस्त करायला देखभालीचे पैसे असतात. नवं काही हवं तर अर्थसंकल्पात तरतूद लागते. अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर दिलेली सूचना पुढचं वर्ष येईपर्यंत फायलीत झोपते. नुसतं 'गतिरोधक हवा' लिहूनही भागत नाही. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने करून वाहनं आणि रस्ता ओलांडणारी माणसं मोजायची. मुलं आणि वृद्ध वेगळे. गतिरोधकामुळे रुग्णवाहिका मंदावते, लगतच्या घरांना हादरे बसतात, ही हरकत येणारच. ती आपणच अर्जात लिहून पर्याय द्यावा, हा तुमचा सल्ला आम्हाला सगळ्यात शहाणपणाचा वाटला.

शाळेसमोर रस्ता ओलांडण्याच्या सोयीचा अर्ज याच रीतीनं लिहिलाय, मोजणीचे तक्ते जोडून. उद्या खिडकीवर आणतोय. मुलांचा रकाना आधी बघा.

आपले,
गल्लीतले रहिवासी