आईला टांझानियातलं न्गोरोंगोरो विवर दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

पहिल्या सकाळी मी तुम्हाला ‘दादा’ अशी हाक मारली आणि तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत सुटलात. तुमच्या स्वाहिली भाषेत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, हे मला तेव्हा कळलं. माझ्या आईला तर तुम्ही ‘मामा’, म्हणजे आई, म्हणत होतात! म्हणून काकाच लिहिते. आणि मराठीत लिहिते, कारण आईने बजावलंय, आभार आपल्या भाषेत मानायचे. इंग्रजीत करून सोबत पाठवतेच आहे.

आई सांगलीला शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवायची. आता तिच्या नजरेच्या मधोमध डाग आहे. समोरचा चेहरा दिसत नाही, कडेचं थोडंफार दिसतं. इथल्या एका टूरवाल्याने तिच्यासमोरच म्हटलं होतं, ‘त्यांना कशाला नेता, काय दिसणार?’ ते तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. तुम्ही मात्र निघतानाच विचारलंत, ‘मामाला कुठल्या बाजूने बरं दिसतं?’ आणि दिवसभर गाडी त्या हिशेबाने तिरकी उभी केलीत.

उतारावर धुकं होतं. ज्वालामुखी आपल्याच पोटात खचला आणि त्यातून 260 चौरस किलोमीटरचा हा तळ झाला, असं तुम्ही सांगत होतात. आई म्हणाली, ‘आमचं लोणार उल्केने झालंय, पण पाणी दोन्हीकडे खारं!’ तुम्ही इंजिन बंद करून लोणारची सगळी हकिगत ऐकून घेतलीत. कित्येक महिन्यांनी ती वर्गात उभी असल्यासारखी बोलत होती. इथे जिराफ का नाहीत, हेही तिनेच विचारलं. हे उभे कडे त्यांना उतरवत नाहीत, हे तुमचं उत्तर ती आता सगळ्यांना सांगते.

दुपारी ती सिंहीण आली. उन्हातून सरळ आमच्या गाडीकडे चालत आली आणि आईच्या खिडकीखाली, चाकाला पाठ लावून सावलीत आडवी झाली. तुम्ही बोट ओठांवर ठेवलंत. आईने डोळे मिटले. मग मलाही ऐकू आलं: भात्यासारखा श्वास, मध्येच माशी हाकलताना शेपटीचा पत्र्यावर बसणारा फटका. तेवढ्यात रेडिओवर कुणीतरी ‘किफारू, किफारू’ म्हणालं. गेंडा! आजूबाजूच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. तुम्ही हळूच रेडिओचा आवाज कमी केलात. सिंहीण आपणहून उठेपर्यंत, चाळीस मिनिटं, आपण तिथेच होतो. त्या चाळीस मिनिटांसाठी तुमचे आभार कसे मानावेत, मला खरंच कळत नाही.

गेंडा संध्याकाळी दिसला, तोही फार लांब, दुर्बिणीत राखाडी ठिपका. आईला काहीच दिसेना. तेव्हा तुम्ही तिचा तळहात हातात घेऊन त्यावर बोटाने दोन ओठ काढलेत. एक रुंद आणि सपाट, गवत खाणाऱ्या पांढऱ्या गेंड्याचा. दुसरा चोचीसारखा टोकदार, झुडपांचा पाला ओढून खाणाऱ्या काळ्या गेंड्याचा. ‘हा इथला,’ असं म्हणून तुम्ही तो दुसरा पुन्हा एकदा गिरवलात. घरी आल्यावर तिने माझ्या मुलीच्या तळहातावर अगदी तस्साच काढून दाखवला.

नाश्त्याच्या डब्यावर घार झेपावणार हे तुमच्याआधी आईने शिट्टीवरून ओळखलं, तेव्हा तुम्ही तिला हात जोडलेत, तेही आमच्या लक्षात आहे.

कडा चढून परत येताना तुम्ही म्हणाला होतात, त्या सिंहिणीचे दिवस भरलेत, लवकरच व्यायेल. आई रोज विचारते, व्यायली का, पिल्लं किती. तेवढं नक्की कळवा.

असांते साना, काका.

तुमची बहीण,
म्हणजे तुमच्या भाषेतली दादा