स्टेपनी टांगून देणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवेल. त्यालाही कामाला येईल म्हणून जरा सविस्तर लिहितो. नाव छापू नका म्हणालात, छापत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली एक शेड, एवढंच सांगतो. तिथे शेडना तोटा नाही, तेव्हा निर्धास्त राहा.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमची गाडी 1986 ची मॅटाडोर. बजाज टेम्पो 1969 पासून बनवायला लागली तीच ही. शाळेच्या पोरांपासून भाजीच्या पाट्यांपर्यंत काय वाहिलं नाही हिनं! आमच्या आधीच्या मालकानं तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून फिरतं घर केलं. टाकी गेली चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, आणि स्टेपनी आली पलंगाखाली. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत तापलेल्या रबराचा वास कसा येतो ते वेगळं सांगायला नको. 'एक तर ती झोपेल नाहीतर मी,' असं आमच्या घरातून जाहीर झालं, तेव्हा स्टेपनी बाहेर काढणं भाग पडलं.

गावात विचारलं तर सगळ्यांचं उत्तर तयार होतं. कुणी म्हणे मागच्या दारावर ठोकून टाकू, कुणी म्हणे बंपरला अँगल मारू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. तुम्ही एकटे असे भेटलात की आधी गाडीभोवती फिरलात, दारावर बोटांनी टकटक केलीत आणि म्हणालात, "पत्राच हाय की ओ नुसता. चाक ऱ्हाईल, दार जाईल."

अण्णा, तुम्ही तरुणपणी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होतात हे तेव्हा कळलं. "मागाचं लोखंड वजनानं तुटत नाय, हादऱ्यानं तुटतंय," हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. रिमसकट टायर जेमतेम तीस किलोचा. उभ्या गाडीला तो दारही पेलेल. पण चाक दारापासून वीतभर बाहेर, आणि रस्त्यावर दर गतिरोधकाला त्याचा झटका वजनाच्या कितीतरी पट. मग वेल्डिंग जिथे संपतं तिथे केसाएवढी चीर पडते, रंगाखाली महिनोन्महिने दिसत नाही, आणि एक दिवस हायवेवर तीस किलोचं चाक मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर. बंपरचंही तेच. तो धक्का सोसायला असतो, ओझं टांगायला नाही. हे सगळं तुम्ही खडूनं शेडच्या फरशीवर काढून दाखवलंत. पैसे तेव्हा ठरलेसुद्धा नव्हते.

मग तुम्ही जे केलंत ते मला आजही बघत बसावंसं वाटतं. ब्रॅकेट थेट चासीला, तेही वेल्डिंग न करता बोल्टनं, कारण जुन्या चासीला आच दिली की सांध्याच्या शेजारचं लोखंड कच्चं पडतं. भोकं चासीच्या उभ्या बाजूला. वरच्या-खालच्या काठाला ड्रिल लावू दिलं नाहीत, सगळा ताण तिथेच असतो म्हणून. बोल्ट 8.8 ग्रेडचे, म्हणजे साध्यापेक्षा मजबूत, नट हादऱ्यानं सहज ढिले न होणारे नायलॉक. त्यावर 50 बाय 50 मिलिमीटरच्या चौकोनी बॉक्स पाईपचा दरवाजासारखा उघडणारा हात. त्याच्या बिजागरीसाठी भंगारातून एक जुना हब, म्हणजे चाक ज्यावर बसून फिरतं तो भाग, आणलात, आतल्या दोन टेपर बेअरिंगांसकट, आणि तो उभा बसवलात. चाकासकट तो हात माझी दहा वर्षांची मुलगी एका हातानं उघडते.

पण खरी करामत दुसऱ्या टोकाला. हात बंद झाला की त्याचं टोक एका उतरत्या ठोकळ्यावर चढून बसतं, खाली रबर, वरून खटक्यानं आवळून धरणारा टॉगल क्लॅम्प, शिवाय एक पिन. म्हणजे गाडी चालू असताना वजन दोन्ही टोकांवर, बिजागरी एकटी लटकत नाही. एवढा खटाटोप कशाला, असं शेजारच्या शेडवाल्यानं विचारलं तेव्हा तुम्ही नुसते हसलात.

चाक प्लेटवर हबला बसतं तसंच बसवलंत, नटांची निमुळती बाजू रिमकडे, व्हॉल्व्ह बाहेर. स्टेपनीची हवा कुणी बघत नाही कारण ती बघायला चाक उतरवावं लागतं, हे कारण तुम्ही मुळातूनच काढून टाकलंत. नंबर प्लेट आणि तिचा दिवा बाजूला सरकवलात. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, ती चाकं हलकी पडू नयेत म्हणून मागे वाढलेल्या वजनाच्या बदल्यात जास्तीची बॅटरी मागच्या पेटीतून काढून ड्रायव्हरच्या सीटमागे नेलीत. हे मी मागितलंही नव्हतं.

आणि सगळं तयार झाल्यावर टायरच नाकारलात! कडेवरचे चार आकडे दाखवलेत: 2211. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे 2011 चा बाविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत, पण कडेला बारीक भेगा. "सोन्याच्या डब्यात नासकं फळ कशाला ठेवलालाव?" तुमच्या या प्रश्नाला उत्तर नव्हतं. नवा टायर आला तेव्हाच चाक चढवलंत. वर ऊन लागू नये म्हणून वहिनींनी ताडपत्रीचं आच्छादन शिवून दिलं, त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. त्यांनाही या पत्रातून नमस्कार. शेंगाचटणी संपली, हेही त्यांना सांगा.

शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळा म्हणाला होतात. विजापूरला जाऊन आलो, आवळले. एक नट पाव फेरा ढिला निघाला, बाकी जागचे हलले नव्हते. तुळजापूरच्या घाटात मुद्दाम कान देऊन बसलो होतो. इंजिनचा, भांड्यांचा, सगळ्यांचा आवाज आला, स्टेपनीचा नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी. गाडी कुठेही उभी केली की लोक मागे येऊन हात उघडून बघतात आणि कुणी केलं ते विचारतात. पत्ता देऊ का? तुम्ही हो म्हणाल तरच देईन, नाहीतर शेडसमोर जुन्या गाड्यांची रांग लागेल आणि वहिनी मला बोलतील.

दुसरं, ठोकळ्यावरचं रबर एका कडेनं घासलंय. पुढच्या आठवड्यात ग्रीस मारायला येतोच आहे. त्या मापाचं रबर तुमच्याकडे असेल ना, की येताना बाजारातून आणू?

तुमचा,
मॅटाडोरवाला