सातव्या फोटोबद्दल

गिरगाव, मुंबई

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा मिळालं. आईने वरचे दोन फोटो बघितले, बाकीचे माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "जेवते का वेळेवर, तेवढं विचारा." मी मात्र जुनं भिंग काढून खिडकीशी बसलो. काळा रंग सुरेख उतरलाय. निऑनच्या उजेडात तोंडं पांढरी पडतात, तेही तू सांभाळलंस.

तू फोटो काढतेस त्या टोकियोतल्या काबुकीचो वस्तीच्या नावाची गंमत वाचून हसलो. युद्धात जळालेल्या वस्तीत काबुकीचं, म्हणजे त्यांच्या जुन्या नाटकांचं, थिएटर उभं करायचं ठरलं, १९४८ साली नावही देऊन झालं आणि थिएटर काही झालं नाही. पत्रिका छापल्या आणि लग्नच मोडलं, तशातली गत.

पण सातव्या फोटोशी अडलो. तिथल्याच ओकुबो पार्कच्या कठड्याशी उभी असलेली पोरगी, तोंडावर मोबाइलचा उजेड. रस्त्यापलीकडून मोठ्या लेन्सने काढलायस ना? तिला पत्ता नाही, हे तिच्या मानेवरून कळतं. फोटो निघतोय हे ठाऊक असलेल्या माणसाची मान वेगळी असते. चाळीस वर्षं मी फोटोच्या दुकानात माना सरळ करण्यात घालवली.

तूच लिहिलंस की अशा पोरींपैकी कित्येक होस्ट क्लबच्या, म्हणजे बायकांना रिझवायला तरुण पोरं ठेवणाऱ्या बारच्या, उधारीपायी तिथे येऊन उभ्या राहतात. गोड बोलणारा पोरगा, त्याच्या नावाने फोडलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या आणि वहीवर चढत जाणारा आकडा. २०२५ च्या जूनपासून प्रेमाच्या भुलाव्याने खर्च करायला लावण्यावर तिथे बंदी आली, हे बरं झालं. पण वेश्याव्यवसायाविरुद्धचा १९५६ चा तो जुना कायदा बघ. रस्त्यावर उभी राहून गिऱ्हाईक शोधणारी पकडली जाते, गिऱ्हाइकाला शिक्षा नाही. मग तो चेहरा छापून आला तर कोणाच्या कामी येणार? संपादक चेहरा मागतोय म्हणतेस. मागू दे.

तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. दुकान नवीन होतं. कामाठीपुऱ्यातल्या बायका फोटो काढायला यायच्या, गावी पाठवायला. अंबाड्यावर गजरा, हातात आमच्याच दुकानातलं प्लॅस्टिकचं फूल, मागे पडद्यावर रंगवलेलं तळं. एकीचा फोटो फार छान आला. पेन्सिलीने टचिंगसुद्धा करावं लागलं नाही. मी तो मोठा करून शोकेसमध्ये लावला. विचारावं, हे डोक्यातही आलं नाही. महिन्याभराने ती आली. तिच्या गावचा कोणीतरी रस्त्याने जाताना काच बघून गेला होता. मला वाटलं, शिव्या घालेल. तिने फक्त निगेटिव्ह मागितली, काउंटरवरची कात्री घेतली आणि माझ्यासमोर तिचे बारीक तुकडे केले. मग मोठ्या प्रिंटचे किती झाले विचारलं, पैसे ठेवले आणि गेली. ते पैसे मी घेतले, मुक्ता.

म्हणून तू सांगितलेले ते फोटोग्राफर वातानाबे कात्सुमी मला जवळचे वाटले. साठच्या दशकात कॅमेरा गळ्यात घालून काबुकीचो ज्यात येतं त्या शिंजुकूच्या गल्ल्यांत रात्रभर फिरायचे. यांचे फोटो काढा, त्यांचे काढा. याकुझा म्हणजे तिथले गुंड, बारमधल्या बायका, बाईच्या वेशातले पुरुष, सगळे त्यांचं गिऱ्हाईक. २०० येनला तीन प्रिंट, दुसऱ्या रात्री हातात. आज ते फोटो भिंतीवर लागतात, पण काढले होते समोरच्याला द्यायला. त्यातला प्रत्येक जण कॅमेऱ्यासमोर आपल्याला हवा तसा उभा आहे. लोकांकडे स्वस्त कॅमेरे आले तसा धंदा बसला आणि या माणसाने भाजलेली रताळी विकली. ते वाचून मी आईला म्हटलं, बघ, मोबाइल आल्यावर मी निदान झेरॉक्स मशीन घेतलं.

आईचं म्हणणं, परक्या देशातली असली घाण आपल्या पोरीने का चिवडावी. तिला मी वरळीची जपानी दफनभूमी आठवून दिली. शंभर वर्षांपूर्वी जपानी बाया आपल्या कामाठीपुऱ्यातही होत्या. शिमाबारा-आमाकुसाकडच्या गरीब घरांतल्या मुली, बोटीत घालून आणलेल्या. त्यांचे फोटो कोणी काढलेच असतील, तर गावी आईबापांपर्यंत पोचले असतील का, कोण जाणे. आई काही बोलली नाही. फोटो मात्र परत मागून घेतले आणि सगळे बघितले. लिपस्टिक लावताना आरशातून तुझ्याकडे बघून हसणारी बाई तिला आवडली. "हिला माहितीये," म्हणाली.

सातवा फोटो तू काय करायचा ते तू ठरव. माझी प्रत मी परत पाठवतोय.

सोबतच्या खोक्यात मेटकूट, कुळथाचं पीठ आणि आईने विणलेली कानटोपी आहे. खाली बटर पेपरची शंभर पाकिटं ठेवली आहेत, दुकानातली उरलेली. आरशातल्या बाईची प्रिंट आधी त्यात घालून दे. वर दुकानाचा शिक्का आहे, तो चालेल. तिथे मराठी कोण वाचतंय!

तुझा
बाबा