त्या डाव्या वळणाबद्दल

प्रिय मन्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. वाचली, उशाशी ठेवली आणि उत्तर दिलं नाही. एक गोष्ट तुला सांगायची टाळत होतो आणि ती वगळून बाकीचं लिहायला हात धजेना. मी नवी मोटरसायकल घेतली. तीन आठवडे झाले. बंड्याला माहीत आहे, अण्णांना माहीत आहे, गल्लीतल्या पोरांना तर तिचा आवाज पाठ झालाय. फक्त तुला कळवलं नव्हतं. आता गुरुवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. फोनवर तू "असू दे रे" म्हणून विषय मिटवला असतास. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

प्रकृती ठीक. पाठ आहे तशीच आहे.

आधी गाडीचं सांगतो, कारण कितीही रागावलास तरी तू पहिलं तेच विचारणार. ट्रायम्फची स्ट्रीट ट्रिपल आरएस, 765 सीसी, 2023 मध्ये सुधारून आणली ती. तिच्या आधीची आरएस मी बंड्याच्या भाच्याकडून एक दिवस आणली होती आणि रात्री अकराला तुला झोपेतून उठवून तासभर पिडलं होतं, आठवतंय ना? कागदावर दोघींतला फरक किरकोळ दिसतो. 123 पीएसचे 130 झाले, 79 न्यूटन-मीटरचे 80. सात घोड्यांनी काय होणार, असं मलाही वाटलं होतं. पण कॉम्प्रेशन 12.65 वरून 13.25 वर नेलंय, पिस्टन नवे आहेत, आणि मुख्य म्हणजे गिअरिंग आखूड केलंय. हे हाताला लगेच कळतं. जुनीला तिसऱ्यात थोडं थांबावं लागायचं, मग ती उठायची. ही थांबत नाही. थ्रॉटल मनगटात जेवढा फिरला तेवढी ती तिथल्या तिथे पुढे येते. तुझं "चार सिलिंडरशिवाय गाणं नाही" हे ठाऊक आहे, त्यावरून आपण किती भांडलो तेही ठाऊक आहे, पण तीन सिलिंडरचं ऐक एकदा. क्रँकच्या दर 240 अंशांना एक स्फोट. खाली घोगरा आवाज, आणि मधल्या रेव्हजना एअरबॉक्समधून अशी एक हाक येते की हेल्मेटच्या आत माणूस हसतोच. 2019 पासून मोटोटूच्या शर्यतींमध्ये सगळ्यांना याच घराण्याचं इंजिन दिलं जातं. ते तू मला आधी सांगितलं होतंस आणि मी मानलं नव्हतं. ते आता मानतो.

वरचं मात्र अजून पाहिलेलं नाही. पूर्ण ताकद 12,000 आरपीएमला येते आणि पहिली सर्व्हिसिंग व्हायची आहे, त्यामुळे मी तिला तिथपर्यंत नेलेलं नाही. फक्त 640 किलोमीटर झालेत. पण मला वाटतं ही गाडी वरच्या आकड्यांसाठी नाहीच. ती वळणांसाठी आहे. 188 किलो, पेट्रोलसकट. पुढच्या फोर्कचा कोन 23.2 अंशांवर आणलाय, म्हणजे आधीपेक्षा उभा, आणि हँडल जरा रुंद. आपल्या जुन्या गाडीला, काळीला, वळवायला खांदा लावावा लागायचा. हिला नजर लावली की पुरे. आतल्या बाजूची मूठ हलकेच ढकलली की ती झोपते आणि ठेवली तिथे राहते, पुन्हा दुरुस्ती करावी लागत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणाला मी गरजेपेक्षा आत जात होतो, कारण इतकी वर्षं काळीसाठी जास्तीचा जोर लावायची सवय हाडात मुरली होती. दुसऱ्या दिवशी जोर कमी केला. तिसऱ्या दिवशी कळलं की मी जोर लावतच नाहीये.

शॉकअप्स ट्रॅकच्या हिशेबाने बसवलेले आहेत, खड्ड्यांत ते कडक लागतात. मी पुढे-मागे दोन-दोन क्लिक सैल केले, आता बरं आहे. टायर सुपरकोर्सा. सकाळी थंड असताना त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही, दहा-बारा किलोमीटरनी ते जागे होतात. अंगावर वारा घेत चालवायची गाडी आहे, 120 च्या वर छातीवर कुणीतरी हात ठेवून मागे रेटतंय असं वाटतं, आणि मला ते आवडतं. वेग किती हे शरीराला कळत राहतं. बंड्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, मागच्या सीटकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे सीट आहे की मोबाइल ठेवायची जागा?" त्याला बसवून पाहायचं धाडस मी केलेलं नाही. शॉकअप्सचा विचार करावा लागतो.

आता गुरुवारचं.

घाटातून उतरत होतो. कोरडा रस्ता, ऊन, टायर गरम, सगळं छान. एक डावं वळण, पुढचं न दिसणारं. वेग 70 च्या आसपास, म्हणजे फार नाही. गाडी झुकलेली. आणि वळणाच्या पोटात एक ट्रक उभा. मागचं चाक काढलेलं, जॅक लावलेला, एक माणूस उकिडवा बसलेला. 70 म्हणजे सेकंदाला 19 मीटर. मन्या, मी काही विचार केला नाही. आपण इतकी वर्षं जे घोकलं, आधी गाडी उभी करायची, मग ब्रेक, ब्रेक पिळत न्यायचा, कचकन दाबायचा नाही, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी पुढचा ब्रेक कचकन दाबला. झुकलेल्या गाडीवर. जीव खाऊन.

आणि काही झालं नाही. लिव्हर बोटांखाली थरथरली, गाडी जराशी सरळ व्हायला गेली, माझी रेघ अर्धा मीटर बाहेर सरकली, आणि ती थांबली. ट्रकच्या अलीकडे दोन गाड्यांच्या अंतरावर. तो माणूस पाना हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. त्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." खरंच काही झालं नव्हतं.

मी गाडी कडेला लावली आणि कठड्यावर बसलो. पहिले काही क्षण नुसताच थरथरत होतो. मग तुझी आठवण आली. तुझी म्हणजे त्या दिवसाची. डावं वळण, तो म्हातारा, त्याची सायकल. पुढचं चाक लॉक झाल्याचा तो आवाज मी मागून ऐकला होता, अजून ऐकू येतो. म्हातारा सायकल टाकून तुझं हेल्मेट दोन्ही हातांत धरून उभा होता.

आणि मग मला दवाखान्यातलं माझं वाक्य आठवलं. तुझ्या हाताला प्लास्टर घालून दोन तास झाले नव्हते. मी कॉटशी उभा राहून म्हणालो, "ब्रेक असा दाबतात का, मन्या?" तू म्हणालास, "चुकलं माझं." बस्स. नऊ वर्षं ते तसंच राहिलं.

तसंच राहिलं म्हणतो, पण मी ते तसं राहू दिलं नाही. नवीन कुणी गाडी शिकायला आला की मी तुझं उदाहरण द्यायचो. वळणात ब्रेक दाबला की काय होतं, मन्याला विचारा. तुझ्या मुलीसमोरसुद्धा एकदा बोललो. तू मान डोलावलीस. तू गाडी सोडलीस तेव्हा सगळे म्हणाले, मनगटामुळे. मीही तेच म्हणत राहिलो, कारण ते सोयीचं होतं. मनगट तर सहा महिन्यांत बऱ्यापैकी वळायला लागलं होतं. मला आता वाटतं, तुझा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला, आणि तो घालवण्यात माझा वाटा होता. काळी विकली तेव्हा तू आला नाहीस. किल्ली पाकिटात घालून बंड्याच्या हाती पाठवलीस. मी ते रागाचं समजलो.

गुरुवारी मला कळलं की हात तसंच करतो. तुझा, माझा, कुणाचाही. टायरकडे पकड ठरावीक असते. वळणात तिच्यातली बरीचशी गाडीला आत धरून ठेवण्यात खर्च होते, ब्रेकसाठी उरते ती थोडी. या गाडीत एक सेन्सर सतत मोजत असतो की ती किती झुकली आहे, किती वळते आहे, नाक किती खाली गेलंय. तेवढं धरून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, ठरवतं की आत्ता ब्रेकला किती दाब परवडेल. मी मागितलं होतं सगळं, तिने दिलं तेवढंच, जेवढं टायर देऊ शकत होतं. काळीकडे यातलं काही नव्हतं. हिशेब तुझ्या बोटांनी करायचा होता, आणि तोही अर्ध्या सेकंदात.

तुझ्या वळणावर वाळूही होती, हे मी विसरलेलो नाही. वाळूवर पकडच नसते, आणि नसलेली पकड कुठलंही यंत्र आणून देत नाही. ही गाडी असती तर तू वाचला असतास असं मी म्हणत नाही. म्हणतोय ते वेगळं आहे. मी गुरुवारी तुझ्यापेक्षा चांगलं काही केलं नाही. तंतोतंत तेच केलं. तू सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतास आणि मी कठड्यावर बसून पाणी प्यायलो.

"एबीएस म्हणजे कुबडी" हे माझं वाक्य तुझ्या लक्षात असेलच, सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यावर तू म्हणाला होतास, "कुबडी पाय मोडल्यावर घेतात, हे मोडायच्या आधीचं आहे." अण्णा इतके हसले होते की त्यांना ठसका लागला. मी मात्र तुझ्याशी चार दिवस बोललो नाही. तू बरोबर होतास. अपघाताच्या दोन वर्षं आधी बरोबर होतास.

आता एक काळजी, जी मला तीन रात्री झोपू देत नाहीये. ही गाडी इतकी सांभाळून घेते की मी कुठे चुकतोय ते मला कळणार कसं? काळी चुकीला लगेच ओरडायची. मागचं चाक जरा घसरलं की पोटात गोळा यायचा, माणूस शिकायचा. हिच्यावर ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे मागचं चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकतो, आणि मी तो पाहिलाच नाही तर गाडी माझी चूक गिळून पुढे जाते. आत्तापर्यंत तो तीनदा लागलेला पाहिला. न पाहिलेला किती वेळा लागला असेल? शुक्रवारी मी एका मोकळ्या पटांगणात जाऊन सरळ रेषेत वीस-पंचवीस वेळा ब्रेक दाबत बसलो. दोन बोटांनी, आधी हलकेच, पुढचा शॉकअप खाली बसेपर्यंत थांबून, मग जोरात. विसाव्या वेळेपर्यंत बोटं थोडी ऐकायला लागली होती. पण घाबरल्यावर ऐकतील का? तुझ्याकडे याचं उत्तर असेल असं मला का वाटतं कुणास ठाऊक. कदाचित यासाठी की आपल्यात खरा शांत चालवणारा तूच होतास. मी वेगवान होतो. ते वेगळं.

तर मन्या, त्या वाक्याबद्दल मला माफ कर. दवाखान्यातल्या, आणि नंतर जिथे जिथे बोललो तिथल्याही. लेकीला तू सांगू नकोस, मी स्वतः सांगेन. तिच्यासमोर बोललो होतो, तेव्हा तिच्यासमोरच.

तुझं काय चाललंय? बदली मानवली का? काकूंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का ते तू लिहिलं नाहीस. वहिनींच्या क्लासला मुलं वाढली हे वाचून बरं वाटलं. तुझ्या कवितांची वही पाठवणार होतास, ती अजून आलेली नाही.

ये म्हणणार नाही. तुला यावंसं वाटलं तर येशीलच. फक्त एक सांगून ठेवतो. हिला क्विकशिफ्टर आहे, वर जातानाही आणि खाली येतानाही, म्हणजे एकदा निघालं की गिअरला क्लच लागत नाही. क्लचही हलका आहे, काळीसारखा दोन हातांनी ओढायचा नाही. काल मी डाव्या मनगटाला क्रेप बँडेज इतकं घट्ट गुंडाळलं की ते तुझ्याएवढंच वळेल, आणि पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत आलो. मोजत गेलो. सबंध फेरीत क्लच सात वेळा लागला.

तुझा,
दिग्या