'हार्ड' आणि 'हार्डली'

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज काल रात्री दोनदा वाचला. काम तू किती जीव ओतून केलंस ते मी पाहिलंय, म्हणूनच दुसऱ्या परिच्छेदापाशी अडखळलो. 'आय वर्क्ड हार्डली ऑन धिस प्रोजेक्ट' असं लिहिलंयस. बाळा, याचा अर्थ 'मी या कामाला जेमतेम हात लावला' असा होतो. मेहनत सांगायची तर नुसतं 'हार्ड'.

आपलं इथे का चुकतं? मराठीत 'फारसं' म्हटलं की पुढे 'नाही' येतंच: फारसं जमलं नाही, फारसे लोक आले नाहीत. 'हार्डली', 'बेअर्ली', 'स्केअर्सली' यांच्या पोटातच तो नकार असतो. म्हणून 'आय कॅन हार्डली सी' एवढ्यानंच 'मला धड दिसत नाही' हे सांगून होतं. वर 'नॉट' नको.

'लिटल एक्स्पीरियन्स'च्या आधी 'अ' घाल. 'अ' असला तर थोडाफार अनुभव आहे, नसला तर नसल्यात जमा. मला हे फार महागात पडलं होतं. 'फ्यू'चंही तसंच. बँकेत असताना वरच्या कार्यालयाला 'अ' न घालता कळवलं, 'फ्यू बॉरोअर्स केम फॉर रिन्यूअल.' दहा-बारा शेतकरी येऊन गेले होते, तेवढंच सांगायचं होतं. तिकडे वाचलं गेलं की जवळजवळ कोणी फिरकलंच नाही. लेखी खुलासा मागवला. आठ दिवस मला धड झोप नव्हती.

आता तुझ्या प्रकरणाबद्दल गाइडबाईंनी म्हटलेलं 'क्वाइट गुड'. तू फोनवर किती आनंदात होतीस! पण इंग्लंडात, लीड्समध्ये आहेस, अमेरिकेत नाही. अमेरिकन माणूस हे 'खूप छान' म्हणून बोलतो. इंग्रज माणसानं 'क्वाइट'वर जोर दिला, तर बहुधा 'बरं आहे' एवढंच. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणाल्या असत्या तर मात्र 'अगदीच अशक्य'. तेव्हा प्रकरणात आणखी काय हवंय ते त्यांना सरळ विचार.

आजी आमटी चाखून 'मीठ अंमळ कमी आहे' म्हणायची आणि तुझी आई नेमकी तेवढीच चिमूट टाकायची, आठवतं? इंग्रजीतही तुला ती चिमूट कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

दुरुस्त अर्ज शुक्रवारपर्यंत पाठव. रात्री कितीही वाजले तरी वाचीन.

तुझे,
बाबा